मानेतील सरकलेली गादी : शस्त्रक्रियेविना बरे होण्याची किंमत

मानेच्या दोन मणक्यांमधील गादी जागची सरकून हाताकडे जाणाऱ्या नसेवर आली की जी असह्य कळ सुरू होते, तिच्याविषयी सर्वसाधारण समजूत अशी आहे की जे सरकले आहे ते कोणीतरी काढून टाकल्याशिवाय किंवा जागेवर बसविल्याशिवाय माणूस बरा होणे नाही; या विकाराची नेमकी ओळख पटल्यापासूनच्या सुमारे नव्वद वर्षांत जमा झालेली वैद्यकीय निरीक्षणे मात्र असे सांगतात की बहुसंख्य रुग्ण मानेला शस्त्र न लावता बरे होतात. हे बरे होणे आपोआप घडते असे म्हणणे अर्धसत्य ठरेल, कारण त्यासाठी अचूक निदान लागते, धोक्याच्या लक्षणांवर नजर ठेवावी लागते, काही आठवडे ओझ्यापासून मानेची सुटका व्हावी लागते आणि या साऱ्यांहून अधिक म्हणजे वेळ लागतो. बुलढाणा जिल्ह्याच्या खामगाव तालुक्यातील पिंपळगाव राजासारख्या गावात, जिथे कापूस, सोयाबीन आणि तुरीच्या हंगामावर व अंगमेहनतीवर घर चालते, तिथे औषध एक वेळ मिळते; कामावरून सुटी मिळत नाही. शस्त्रक्रिया टाळून बरे होण्याची वैद्यकीय बाजू आणि त्याची मजुरीच्या हिशेबातील किंमत या दोन्ही एकत्र पाहिल्याखेरीज या विषयाला न्याय मिळणार नाही, ही प्रस्तुत व्याख्यानाची भूमिका आहे.

मानेत सात मणके असतात. पहिला आणि दुसरा मणका यांच्यामध्ये गादी नसते. त्याखाली मात्र प्रत्येक दोन मणक्यांमध्ये ती असते. गादीचे बाहेरचे आवरण म्हणजे चिवट तंतूंच्या थरावर थर चढून तयार झालेले वलय, आणि त्याच्या आत पाणी धरून ठेवणारा मऊ गर. वय वाढते तसा गरातील जलांश घटतो, वलयात बारीक चिरा पडतात, आणि अशा एखाद्या चिरेतून गर बाहेर डोकावला किंवा थेट बाहेर पडला म्हणजे त्या अवस्थेला हर्निएटेड डिस्क म्हणतात. खेडोपाडी यालाच ‘मणक्यात गॅप पडली’ असे म्हटले जाते. प्रत्यक्षात मणक्यांमधील अंतर वाढलेले नसते, गादी खचल्यामुळे ते उलट कमी झालेले असते. मणक्यांच्या मागच्या पोकळीतून मज्जारज्जू खाली उतरतो, आणि मानेच्या भागात त्याच्यापासून फुटणाऱ्या नसांच्या आठ जोड्या दोन्ही बाजूंच्या छिद्रांतून बाहेर पडून खांदा, दंड, हात आणि बोटांकडे जातात. गादीचा गर या छिद्राच्या तोंडाशी आला तर नसेचे मूळ दाबले जाते, या पीडेला वैद्यक रॅडिक्युलोपॅथी म्हणते. तो मागे मध्यभागी आला तर दाब थेट मज्जारज्जूवर येतो आणि त्यातून उद्भवणाऱ्या विकाराला मायलोपॅथी म्हणतात. पुढील सारे विवेचन या एका भेदावर उभे आहे, कारण शस्त्रक्रियेविना बरे होण्याची जी आशादायक आकडेवारी सांगितली जाते ती पहिल्या प्रकाराची आहे, दुसऱ्याची नव्हे.

कोणती नस दबली आहे हे पुष्कळदा रुग्णाच्या बोटावरूनच कळते. पाचव्या व सहाव्या मणक्यांमधील गादी सरकली तर सहाव्या नसेच्या वाटेने अंगठ्यापर्यंत मुंग्या येतात आणि कोपरात हात दुमडण्याची ताकद कमी होते. सहाव्या व सातव्या मणक्यांमधील गादी सरकली, आणि हे सर्वाधिक आढळते, तर मधले बोट बधिर होते आणि दंडाच्या मागच्या बाजूचा, कोपर सरळ करणारा स्नायू दुबळा होतो. हापशीचा दांडा वर उचलता येतो पण खाली दाबताना हातात जोर राहत नाही, अशी तक्रार ऐकली की जाणकार डॉक्टरला सातव्या नसेची शंका यावी. त्याखालची नस दबली तर करंगळी बधिर होते आणि मुठीची पकड सुटते. वेदनेचे वैशिष्ट्य असे की ती मानेपेक्षा हातातच अधिक छळते, खोकताना वा शिंकताना हातभर सणक जाते, आणि रात्री कोणत्याही कुशीवर झोप लागत नाही. अनेक रुग्णांना दुखरा हात उचलून पंजा डोक्यावर ठेवला की बरे वाटते, कारण त्या स्थितीत नसेवरचा ताण सैल होतो. १९८१ साली वैद्यकीय नियतकालिकात या खुणेचे रीतसर वर्णन प्रसिद्ध झाले. डोक्याला हात लावून बसलेला माणूस मराठी मुलखात हताश समजला जातो, पण दवाखान्याच्या बाकावर तसा बसलेला माणूस कदाचित आपल्या दुखण्यावरचा सर्वांत स्वस्त उतारा स्वतःच शोधून बसलेला असतो.

या विकाराचे ज्ञान फार जुने नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मज्जारज्जूवर दाब आणणाऱ्या अशा गाठी शस्त्रक्रियेत सापडत, तेव्हा त्या कूर्चेच्या अर्बुदाच्या गाठी आहेत असे मानले जाई; न्यूयॉर्कचे शल्यविशारद बायरन स्टुकी यांनी १९२८ मध्ये मानेतील अशा गाठींचे वर्णन याच समजुतीने केले होते. बोस्टनच्या विल्यम मिक्स्टर आणि जोसेफ बार यांनी १९३४ मध्ये हे अर्बुद नसून फुटलेल्या गादीचा भाग आहे असे दाखविले, आणि मग कंबर व मान या दोन्ही ठिकाणच्या वेदनांकडे पाहण्याची दृष्टी बदलली. १९४३ मध्ये सेम्स आणि मर्फी यांनी मानेच्या सहाव्या गादीने सातवी नस दबलेल्या चार रुग्णांचा वृत्तान्त छापला. त्या चौघांची लक्षणे हृदयाच्या रक्तवाहिनीतील अडथळ्यासारखी होती, म्हणजे छाती आणि हात दुखत होते पण मूळ मानेत होते. या वृत्तान्ताचा बोध ग्रामीण भागात उलट्या दिशेनेही घेणे आवश्यक आहे. डावा हात दुखतो म्हणून मानेला शेक देत बसलेल्या चाळिशीपुढच्या माणसाचा, विशेषतः घाम आणि धाप असेल तर, आधी ईसीजी काढावा आणि मानेचा विचार त्यानंतर करावा.

आता मुख्य प्रश्न. शस्त्रक्रिया न केल्यास या रुग्णांचे पुढे काय होते? याचे आजही आधारभूत मानले जाणारे उत्तर अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या रॉचेस्टर शहरातून आले, आणि ते देणाऱ्या संशोधकांत प्रथम नाव एका भारतीयाचे आहे. डॉ. कुरुपथ राधाकृष्णन, जे पुढे तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनल संस्थेचे संचालक झाले, आणि त्यांचे सहकारी यांनी १९७६ ते १९९० या काळात त्या शहरात मानेतील नस दबल्याचे निदान झालेल्या ५६१ रुग्णांच्या नोंदी तपासून १९९४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. दर वर्षी लाख लोकांमागे सुमारे ८३ जणांना हा त्रास नव्याने सुरू होत होता. पन्नाशीच्या पहिल्या पाच वर्षांत त्याचे प्रमाण सर्वाधिक होते. आधी जड श्रम किंवा मार लागल्याची नोंद जेमतेम १५ टक्के रुग्णांत सापडली. साधारण चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांवर केव्हा ना केव्हा शस्त्रक्रिया झाली. आणि अखेरच्या तपासणीत ९० टक्के रुग्ण एक तर लक्षणमुक्त होते किंवा किरकोळ त्रासानिशी नित्याचे जीवन जगत होते. २०११ च्या जनगणनेनुसार बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८६ हजारांच्या घरात होती. रॉचेस्टरचा दर जसाच्या तसा लावला तर जिल्ह्यात वर्षाला दोन हजारांहून अधिक नवे रुग्ण होतात. एका सुखवस्तू अमेरिकन शहराचा दर कापसाच्या पट्ट्याला लावणे शास्त्रशुद्ध नव्हे, पण हा विकार दुर्मीळ नाही एवढे समजण्यास तेवढा हिशेब पुरे.

बरे होण्याची यंत्रणा त्याहून मनोरंजक आहे. गादीचा गर जन्मापासून वलयाच्या आत बंदिस्त असतो आणि त्याला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. तो फुटून बाहेर पडला की शरीराच्या रोगप्रतिकारक व्यवस्थेला तो परका वाटतो. त्याच्याभोवती सूज येते, नव्या सूक्ष्म रक्तवाहिन्या शिरतात, त्यांतून भक्षक पेशी येतात आणि विकरांच्या साह्याने त्या गराचा चट्टामट्टा करू लागतात. आरंभीची वेदना केवळ दाबाची नसून या सुजेतील रसायनांचीही असते, म्हणून पहिल्या आठवड्यांतील हाल आणि पुढच्या महिन्यांतील सुटका ही एकाच प्रक्रियेची दोन टोके ठरतात. एमआरआयवर जी गादी सर्वांत भयंकर दिसते, म्हणजे जिचा गर वलय ओलांडून पूर्ण बाहेर आलेला असतो, तीच आकाराने घटण्याची शक्यता अधिक, कारण भक्षक पेशींच्या हाती ती पूर्ण लागते. वलयाच्या आतच फुगलेली गादी मात्र वर्षानुवर्षे तशीच राहू शकते. सरकलेल्या गादीमुळे हात दुखणाऱ्या २६ रुग्णांवर कॅलिफोर्नियातील साल बंधूंनी शस्त्रक्रियेविना उपचार केले, आणि १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालानुसार २४ जणांना शस्त्रक्रियेची गरज पडली नाही. पुढच्याच वर्षी इंग्लंडमधून आलेल्या अहवालात १३ रुग्णांचे एमआरआय काही काळाने पुन्हा काढले असता १२ जणांची गादी आक्रसलेली आढळली. हे आकडे लहान आहेत हे खरे, परंतु ते रॉचेस्टरच्या मोठ्या चित्राशी जुळतात.

किती वेळ लागतो, याचे उत्तर मात्र रुग्णाला सहसा दिले जात नाही, आणि दिले तरी घाईत दिले जाते. २०१४ मध्ये या विषयावरील उपलब्ध अभ्यासांचा एकत्र धांडोळा घेणाऱ्या एका समीक्षेने असे म्हटले की ठळक सुधारणा पहिल्या चार ते सहा महिन्यांत होते आणि सुमारे ८३ टक्के रुग्ण पूर्ण बरे होण्यास दोन ते तीन वर्षे जातात. यातील पहिला टप्पा वेदनेचा, दुसरा ताकदीचा आणि तिसरा बधिरपणाचा. बोटाच्या टोकावरची बधिरता सर्वांत शेवटी जाते, कधी थोडी उरतेही, आणि वेदना गेलेली असताना केवळ ती उरली आहे म्हणून उपचार फसला असे समजणे चूक आहे.

शस्त्रक्रियेशी थेट तुलना करणाऱ्या प्रयोगांपैकी स्वीडनमधील पेर्सन यांचा १९९७ चा प्रयोग येथे उल्लेखनीय आहे. दीर्घकाळ हात दुखणाऱ्या ८१ रुग्णांचे तीन गट करून एकाला शस्त्रक्रिया, दुसऱ्याला फिजिओथेरपी आणि तिसऱ्याला मानेचा पट्टा देण्यात आला; चार महिन्यांनी शस्त्रक्रियेचा गट वेदनेच्या बाबतीत पुढे होता, आणखी वर्षभराने तिन्ही गटांत फरक उरला नाही. पन्नासच्या दशकात रूढ झालेली, मानेच्या पुढून जाऊन गादी काढण्याची व मणके जोडण्याची शस्त्रक्रिया अनुभवी हातात भरवशाची आहे आणि ती आराम लवकर देते, हे यातून नाकारले जात नाही. मुद्दा एवढाच की नसेचे मूळ दबलेल्या आणि हाताची ताकद टिकून असलेल्या रुग्णाला ती टाळून थांबण्याची मुभा आहे, आणि ही मुभा त्याला स्पष्ट शब्दांत सांगितली गेली पाहिजे.

ही मुभा हिरावली जाते ती बहुधा एमआरआयच्या कागदामुळे. पिंपळगाव राजा किंवा आसपासच्या गावांतून खामगाव अथवा अकोल्याला जाऊन, हातउसने पैसे घेऊन काढलेला एमआरआय घरी येतो तेव्हा त्यातील ‘सी पाच-सहा डिस्क बल्ज’, ‘थिकल सॅक इंडेंटेशन’ असे शब्द घरादाराची झोप उडवतात. १९९० मध्ये बोडेन आणि सहकाऱ्यांनी मानेची कोणतीही तक्रार नसलेल्या ६३ स्वयंसेवकांचे एमआरआय काढले, तेव्हा १९ टक्क्यांत दोष दिसला होता; पुढे जपानमध्ये १,२११ निरोगी व्यक्तींवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात तर ८७.६ टक्के लोकांत एखादी तरी गादी फुगलेली निघाली. ज्याला काही दुखत नाही त्याच्याही मानेत ‘बल्ज’ असतो, याचा अर्थ कागदावरचा दोष आणि हातातली कळ यांची जुळणी डॉक्टरने रुग्णाला हात लावून तपासल्यानंतरच करता येते. स्नायूंची ताकद, सांध्याजवळच्या कंडरेवर हातोडी मारून पाहावयाच्या प्रतिक्षिप्त क्रिया आणि बोटांची संवेदना तपासण्यास दहा मिनिटे पुरतात व त्यास यंत्र लागत नाही. ती दहा मिनिटे न देता केवळ फिल्म उजेडाला धरून शस्त्रक्रिया सुचविली गेली असेल, तर दुसऱ्या डॉक्टरचे मत घेणे हा रुग्णाचा हक्क आहे.

मज्जारज्जूवर दाब आलेल्या रुग्णाला मात्र थांबण्याचा सल्ला देणे घातक आहे. मायलोपॅथीत वेदना पुष्कळदा कमी असते, म्हणूनच ती फसवी. चालताना पायातली चप्पल निसटून मागे राहते आणि ते लक्षातही येत नाही, ही आपल्याकडील मेंदूविकारतज्ज्ञ आवर्जून विचारतात अशी खूण. पाय रबरी चपलेतच वावरणाऱ्या समाजात ती कोणत्याही पाश्चात्त्य प्रश्नावलीपेक्षा उपयोगाची आहे. सदऱ्याची बटणे लावताना बोटे अडखळणे, सुईत दोरा न ओवला जाणे, तांदूळ निवडताना खडा चिमटीत न येणे, भाकरी थापताना हात पूर्वीसारखा न फिरणे, अंधारात किंवा तोंड धुताना डोळे मिटले की तोल जाणे, पायात ताठरपणा येणे, लघवी लागल्यावर धरून ठेवता न येणे किंवा सुरूच न होणे, यांपैकी काहीही दिसले तर ते दुखणे मज्जारज्जूचे समजून तातडीने मेंदू व मणक्याच्या शल्यविशारदाकडे जावे. एक सोपी चाचणी घरीही करता येते: दहा सेकंदांत मूठ जितक्या वेळा पूर्ण उघडून पूर्ण मिटता येईल तितकी करावी, निरोगी प्रौढ व्यक्ती वीस वेळा सहज करते, आणि संख्या त्याहून ठळकपणे कमी भरत असेल तर तपासणी लांबवू नये. हाताची ताकद दिवसागणिक घटत असेल, तर नसेच्या मुळाच्या पीडेतही थांबणे संपते. बारीक ताप, घटते वजन आणि रात्रीची ठसठस असेल तर मणक्याच्या क्षयरोगाची शंका घ्यावी लागते, कारण आपल्याकडे तो अजून आहे. आणि दोन्ही हातापायांच्या मुंग्यांमागे मधुमेह किंवा ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरताही असू शकते.

धोक्याची लक्षणे नसतील तेव्हा उपचार कोणते, हे सांगण्यास फार शब्द लागत नाहीत. पहिले काही दिवस मानेला विश्रांती, वेदनाशामक गोळ्या आणि झोपताना मान खांद्याच्या रेषेत राहील इतपतच उंच उशी. नेदरलँड्समध्ये नव्याने दुखणे सुरू झालेल्या २०५ रुग्णांवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तीन आठवडे मानेचा पट्टा लावून पुढील तीन आठवड्यांत तो हळूहळू सोडविलेल्या रुग्णांची, तसेच फिजिओथेरपी घेतलेल्या रुग्णांची हातातील वेदना, केवळ नेहमीचे व्यवहार चालू ठेवलेल्या रुग्णांपेक्षा सहा आठवड्यांत अधिक उतरली. सहा महिन्यांनी तिन्ही गट सारखे झाले. पट्टा म्हणूनच काही आठवड्यांचा सोबती आहे. तो महिनोन्महिने गळ्यात बाळगला तर मानेचे स्नायू दुबळे होतात. वेदना उतरू लागली की व्यायाम सुरू करावा. उताणे झोपून, डोके न उचलता, होकार देताना व्हावी तेवढी हनुवटी गळ्याकडे आणावी, दहा सेकंद धरावी, सोडावी आणि असे दहा वेळा करावे. मानेच्या पुढच्या बाजूचे खोल स्नायू जागे करण्याची ही पद्धत ऑस्ट्रेलियातील ग्वेन्डोलिन जल यांच्या कामामुळे जगभर रूढ झाली. खांद्याच्या फऱ्यांचे स्नायू बळकट करणारे व्यायाम तिला जोडावेत. मानेला वजन लावण्याचा, म्हणजे ट्रॅक्शनचा, काही रुग्णांना उपयोग होतो, काहींना होत नाही. मणक्याजवळ स्टेरॉइडचे इंजेक्शन देण्याचा मार्गही आहे, परंतु मानेतील ती जागा रक्तवाहिन्यांची असल्याने क्वचित पण गंभीर अपाय झाल्याची नोंद आहे आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ मध्ये तसा इशारा दिला होता. गावच्या दवाखान्यात दर चार दिवसांनी टोचले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक आणि डेक्सा हे स्टेरॉइड यांचा मारा त्याहून सर्रास होतो आणि मूत्रपिंड, जठर व रक्तातील साखर यांवर त्याची किंमत वसूल होते. केस कापून झाल्यावर ‘मान मोडून’ घेणे, हाडवैद्याकडून झटका देऊन मान ‘बसवून’ घेणे आणि कोणाच्या तरी सांगण्यावरून शीर्षासन करणे, या तीन गोष्टी गादी सरकलेल्या माणसाने कटाक्षाने टाळाव्यात. सरकलेला गर झटक्याने आत जात नाही, मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी मात्र झटक्याने फाटू शकते.

वरील साऱ्या उपचारांत एक अट गृहीत धरलेली आहे, ती अशी की रुग्ण सहा ते बारा आठवडे डोक्यावर, खांद्यावर किंवा हातात जड ओझे घेणार नाही. शहरी रुग्णाच्या बाबतीत ही अट म्हणजे मोबाइल डोळ्यांच्या उंचीवर धरणे आणि संगणकाचा पडदा वर सरकविणे एवढ्यावर भागते. (मान साठ अंशांत झुकली की तिच्यावर २७ किलोंचा भार पडतो, हा व्हॉट्सॲपवर फिरणारा आकडा २०१४ मधील एका संगणकीय प्रतिमानाचा आहे, कोणा रुग्णाच्या मानेत मोजलेला नव्हे, त्याने घाबरून जाण्याचे कारण नाही.) खामगाव तालुक्यातील मजुराचा भार हिशेबी नसतो, तो काट्यावर मोजलेला असतो. सिमेंटची गोणी ५० किलोंची, युरियाची २०१८ पासून ४५ किलोंची, धान्याचे पोते एके काळी १०० किलोंचे. कापसाची वेचणी किलोवर ठरते, म्हणून वेचणारी बाई दिवसभर ओटी भरत राहते आणि संध्याकाळी गाठोडे जितके जड तितके बरे अशा हिशेबाने ते बांधते. मग दुसऱ्या बाईने ‘हात लावून’ ते डोक्यावर चढवायचे आणि धुऱ्यापर्यंत किंवा गाडीपर्यंत न्यायचे. डोक्यावरची चुंबळ टाळूला टोचणारे ओझे पसरवते; मानेवर उतरणारे वजन त्यामुळे गुंजभरही कमी होत नाही. सपाट वाटेवर मान सरळ ठेवून चालताना मणके तो भार बऱ्यापैकी पेलतात, पण ओझे चढविताना किंवा उतरविताना मान तिरकी झाली, ढेकळात पाय मुरगळला, किंवा हात लावायला कोणी नसल्याने गाठोडे एका झटक्यात डोक्यावर घेतले, तर सारा भार एका बाजूच्या गादीवर येतो. आफ्रिकेतील हमालांच्या मानेला ओझ्यामुळे होणाऱ्या इजांचे वर्णन १९६८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने छापले होते, आणि डोक्यावर ओझी वाहणाऱ्यांत मानेच्या मणक्यांची झीज अधिक आढळते असे घानातील अभ्यासानेही नंतर दाखविले. रॉचेस्टरच्या नोंदी पाहता, प्रत्येक सरकलेल्या गादीचे खापर ओझ्यावर फोडता येणार नाही; परंतु सरकलेली गादी बरी होत असताना पुन्हा तेच ओझे डोक्यावर चढविणे म्हणजे भक्षक पेशींनी दिवसभर केलेले काम संध्याकाळी मोडून टाकण्यासारखे आहे.

म्हणून शस्त्रक्रियेविना उपचार स्वस्त आहे हे विधान कोणाच्या खिशातून पाहिले जाते यावर अवलंबून राहते. राज्याच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची रचना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन करावयाच्या उपचारांभोवती आहे. मानेची शस्त्रक्रिया झाली तर तिचा खर्च उचलला जाण्याची वाट आहे, पण घरी राहून, व्यायाम करून, ओझे न उचलता बरे होणाऱ्याच्या बुडालेल्या रोजाला त्या रचनेत जागा नाही. घरात बसलेल्या रुग्णाला शेजारी आळशी ठरवतात, कारण त्याला पट्टी नाही, टाका नाही, प्लॅस्टर नाही. अशा वेळी ऐन वेचणीच्या मोसमात काही रुग्ण गोळ्या खाऊन कामाला जातात, आणि काही जण शस्त्रक्रियेने लवकर कामाला लागू या हिशेबाने कर्ज काढतात. दोन्ही निर्णय वैद्यकशास्त्राचे नसतात, ते मजुरीने घेतलेले असतात. गावपातळीवर यात काही करता येण्याजोगे आहे. गाठोडे शेतातच दोनदा मोजून निम्म्या वजनाचे बांधणे, गाडी धुऱ्यापर्यंत आणणे, आणि मान धरलेल्या मजुराला दोन महिने सरकी राखण्याचे, नोंदी ठेवण्याचे किंवा बसून करावयाचे काम देणे, यात शेतमालकाचे फारसे नुकसान नाही. शेजारच्या घरातील माणसाने पाण्याची कळशी आणून देणे हेही त्या रुग्णासाठी औषधच ठरते. प्राथमिक आरोग्य केंद्रांना फिजिओथेरपिस्टच्या ठरावीक भेटी आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये उद्घाटन झालेल्या बुलढाण्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मान व कंबरेच्या रुग्णांसाठी शस्त्रक्रियेआधीच्या तपासणीची सोय, या मागण्याही अवाजवी नाहीत.

कायद्याला ओझ्याचा प्रश्न अजिबात ठाऊक नव्हता असे नाही. महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी स्वतंत्र अधिनियम केला, आणि देशात असा कायदा करणारे ते पहिले राज्य ठरले. बाजारातील हमालांना त्याने मंडळ, नोंदणी आणि काही सवलती दिल्या, शेतातील गाठोडे वाहणाऱ्या बाईपर्यंत मात्र तो पोहोचला नाही. त्याआधीच्या १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याखालील योजनेत आजारी कामगाराला वर्षातून ९१ दिवसांपर्यंत रजेच्या काळात वेतनाच्या ७० टक्के रक्कम देण्याची तरतूद झाली. ९१ दिवस म्हणजे तेरा आठवडे, आणि सरकलेल्या गादीच्या रुग्णाला ओझ्यापासून जी सहा ते बारा आठवड्यांची सुटका लागते ती तेवढ्या काळात बसते. या तरतुदीची गरज खामगावला होतीच: व्हाइसरॉय लॉर्ड मेयो १८७० मध्ये जलंब-खामगाव रेल्वेफाट्याच्या उद्घाटनाला आले ते या भागातील कापसासाठी. तेव्हापासून जिनिंग-प्रेसिंग हा खामगावचा ओळखीचा उद्योग आहे, आणि गाठी व पोती वाहणारे हात आसपासच्या गावांतूनच जातात. मात्र कर्मचारी राज्य विमा कायद्याने हंगामी कारखान्यांना विम्यातून वगळले, आणि हंगामी कारखान्यांच्या व्याख्येत अगदी सुरुवातीलाच सरकी काढण्याचे आणि कापूस दाबून गाठी बांधण्याचे कारखाने घातले. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ती व्याख्या आणि ते वगळणे कायम ठेवले आहे.